काळं रान आणि पाण्याची पातळी

इंग्लंडच्या पूर्वेला केंब्रिजशायर, लिंकनशायर आणि नॉरफोक या परगण्यांत पसरलेल्या सपाट प्रदेशाला फेन्स म्हणतात. चारशे वर्षांपूर्वी तिथं दलदल होती. माणसानं ती उपसली, आणि आज इंग्लंडच्या ताज्या भाजीपाल्यातला सुमारे एक तृतीयांश माल तिथल्या काळ्या मातीत पिकतो. आता हवामानाचे अभ्यासक सांगतात की या रानांतलं पाणी पुन्हा वर येऊ द्या, कारण कोरडी पडलेली ही माती रात्रंदिवस कार्बन डायऑक्साइड सोडते आहे. शेतकरी विचारतात, मग आम्ही पिकवायचं काय?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी फार घाईनं बोललं जातं. म्हणून मी दोन माणसं समोरासमोर आणली आहेत. माणसं कल्पनेतली आहेत, ती ज्याबद्दल बोलतात ते मात्र प्रत्यक्षातलं आहे. मावशी शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी ऊस आणि भाजीपाला करते. तिचा भाचा ईली या गावाजवळ राहतो आणि पीटच्या, म्हणजे या काळ्या मातीच्या, रानांतून निघणारे वायू मोजतो. मावशी त्याच्याकडे आली आहे. होम फेन नावाच्या राखीव जागेत दोघं एका लोखंडी खांबापाशी उभी आहेत.

मावशी: झाडीत मधेच हा खांब कशाला रे?

भाचा: त्याचं वरचं टोक बघ. १८५१ च्या सुमाराला हा पुरला तेव्हा ते टोक जमिनीबरोबर होतं. खालचं बूड पीटखालच्या घट्ट चिकणमातीत बसवलंय, त्यामुळे खांब जागचा हलला नाही. जमीनच खाली गेली. आता ते टोक जमिनीपासून चार मीटरवर आहे.

मावशी: दोन पुरुष उंचीची माती गेली कुठं? पुरात वाहून गेली म्हणावं तर इथं उतारच नाही.

भाचा: थोडी वाऱ्यानं उडाली. वसंतात रान मोकळं असताना वारा सुटला की काळ्या धुळीचे लोट उठतात. पण धूळ हे मुख्य कारण नाही. इथं जवळच व्हिट्लसी मिअर नावाचा मोठा तलाव होता. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात ॲपोल्ड यांचा नवा पंप गाजला, आणि तसल्याच पंपानं हा तलाव उपसला. पाणी निघाल्यावर पीट आधी दबली, आकसली. पहिल्या काही वर्षांत जमीन सगळ्यात वेगानं खचली ती त्यामुळं. पुढं ती कुजायला लागली, आणि कुजलेलं हवेत गेलं. आपण उभे आहोत ती जागा आज समुद्रसपाटीच्या पावणेतीन मीटर खाली आहे.

मावशी: शेणखत कुजतं, पाचट कुजतं, ते समजतं. अख्खं रान कुजून हवेत जातं, हे कसं?

भाचा: कारण हे रान पाचटाचंच बनलंय. हजारो वर्षं इथं बोरू, लव्हाळी, शेवाळ वाढलं, मेलं आणि पाण्यात पडलं. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून ते पुरतं कुजलं नाही, थरावर थर बसत गेला. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. तुझ्या माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब किती लिहिलेला असतो?

मावशी: अर्धा टक्का. पाचट न जाळता कुजवलं, ताग गाडला, तेव्हा कुठं पाऊण टक्क्याकडं सरकला. त्याला वर्षं गेली.

भाचा: चांगल्या पीटमध्ये निम्मी कोरडी माती कर्बच असते.

मावशी: म्हणजे बरणीतल्या लोणच्यासारखं झालं. वर तेल आहे तोवर फोडी टिकतात. तेल उतरलं की वरच्या फोडीला बुरशी धरते.

भाचा: अगदी तसंच. आणि इथं ते तेल रोज पंपानं काढलं जातं. मग वर्षाला एक ते दोन सेंटिमीटर पीट जाते. साठा ज्या वेगानं जमला त्याच्या दहा-वीस पट वेगानं संपतोय.

मावशी: आता माझं ऐक. आमच्या रानात कालव्याचं पाणी आलं, उसाला सोडत गेलो, आणि पंचवीस वर्षांत खालची पट्टी पाणथळ झाली. मग मीठ वर आलं. पांढरा थर. चोपण झालेल्या रानात पेरलेलं उगवत नव्हतं. कर्ज काढून आम्ही जमिनीखाली भोकाचे पाइप गाडले, चरीतून पाणी ओढ्याला काढलं. शेजारच्या रानवाल्यांना गोळा करून गावानं ते काम केलं. पहिल्या वर्षी जेव्हा वाफसा आला, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी रानाला नमस्कार केला. आणि तू म्हणतोस निचरा हाच गुन्हा?

भाचा: तुझ्या रानात निचरा योग्यच होता. तुझी माती खडकाची झीज होऊन तयार झालेली आहे. तिच्यातलं जादा पाणी काढलं तर मीठ जातं, मुळांना हवा मिळते आणि माती जागेवर राहते. पीटमधलं पाणी काढलं तर मातीच जाते. एकच चर एका रानाला तारते आणि दुसऱ्याला संपवते.

मावशी: आपल्याकडं अशी माती आहे कुठं?

भाचा: केरळात कुट्टनाडला समुद्रसपाटीखाली भात करतात. तिथल्या करी मातीत पुरलेल्या झाडांचे काळे अवशेष सापडतात, आणि ती माती आंबटही असते. तिथं भाताच्या हंगामात रान पाण्याखाली असतं. महाराष्ट्रातली काळी माती ही पीट नव्हे, तो रंग वेगळ्या कारणानं आहे. जगाच्या जमिनीवर पीट जेमतेम तीन टक्के असेल, पण तेवढ्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात असलेल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. आणि निचरा केलेल्या पीटमधून माणसाच्या एकूण उत्सर्जनातला साधारण पाच टक्के वाटा येतो. इंडोनेशियात कालीमंतानला १९९० च्या दशकात दहा लाख हेक्टर दलदल भातासाठी कोरडी करायला घेतली. भात झाला नाही, आणि कोरडी पीट अजून पेट घेते.

मावशी: तो सगळ्या जगाचा हिशेब झाला. एकराचं सांग.

भाचा: समशीतोष्ण हवेतल्या, निचरा करून नांगरलेल्या पीटसाठी आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळानं २०१३ च्या पुरवणी अहवालात हेक्टरी वर्षाला ७.९ टन कार्बन हा आकडा दिलाय. कार्बन डायऑक्साइडच्या रूपात तो सुमारे २९ टन होतो. एकरी जवळपास १२ टन. दरवर्षी.

मावशी: माझ्या एकरात चाळीस टन ऊस निघतो, तो मोळ्या बांधून गाडीत भरताना दिसतो तरी. हे बारा टन कुणाला दिसत नाहीत.

भाचा: म्हणूनच इतकी वर्षं कुणी मोजले नाहीत. इंग्लंडच्या एकूण उत्सर्जनात सखल भागातल्या शेतीखालच्या पीटचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. देशाच्या नकाशावर ही जमीन चिमूटभर आहे. एवढ्याशा जागेत एवढा मोठा उपाय दुसरीकडं क्वचितच मिळेल. आणि उपाय सोपा आहे: पाण्याची पातळी वर आणायची. ब्रिटनमधल्या ख्रिस इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मोजून दाखवलं की पातळी दहा सेंटिमीटर वर आली की हेक्टरी किमान तीन टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन दरवर्षी कमी होतं. पीक कुठलं, खत किती, यापेक्षा पाणी किती खोल आहे यावर सगळं ठरतं.

मावशी: उपाय सोपा आहे असं म्हणू नकोस. २०१९ च्या पुरात आमच्या घरात आठ दिवस पाणी होतं. २०२१ ला पुन्हा आलं. पाणी रानात सोडा, हे वाक्य बोलायला सोपं असतं.

भाचा: सोपं हा शब्द मी मागं घेतो. मोजायला सोपं, करायला अवघड. पण मी रान बुडवायचं म्हणत नाही. आज इथं बऱ्याच रानात पाणी मीटरभर खाली ठेवतात. ते अर्ध्या मीटरवर आणलं तरी बराच फरक पडतो. जमिनीखाली दहा सेंटिमीटरवर आणलं तर जवळजवळ सगळा तोटा थांबतो. जमिनीच्या वर आणायची गरजच नाही, उलट ते टाळायचं.

मावशी: का टाळायचं?

भाचा: साचलेल्या पाण्याखाली हवेशिवाय कुजताना मिथेन निघतो. भातखाचरात निघतो तसाच. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.

मावशी: मग आगीतून फुफाट्यात. एक वायू थांबवायचा आणि दुसरा सुरू करायचा!

भाचा: हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर काम झालंय. मिथेन हवेत साधारण दहा-बारा वर्षं टिकतो, मग मोडतो. त्यामुळं पाणथळ रानातून दरवर्षी तेवढाच मिथेन येत राहिला तर हवेतला त्याचा साठा एका पातळीला थांबतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. त्याचा मोठा भाग शतकानुशतकं राहतो, आणि कोरडी पीट दरवर्षी त्यात भर घालते. २०२० मध्ये युरोपातल्या अभ्यासकांनी दोन्ही वाटांचा हिशेब मांडला. मिथेन धरूनही, लवकर पाणी वर आणणं हेच कमी तापवणारं निघालं. उशीर केला तर मिथेन चुकत नाही आणि वर मधल्या वर्षांचा कार्बन डायऑक्साइड कायमचा बोकांडी बसतो.

मावशी: वायूचं मान्य. आता पोटाचं बोल. इथल्या मंडईत मी सॅलडची पानं पाहिली, सेलरी, कांदा, बटाटा, बीट. ही रानं भाजी द्यायची थांबली तर लोक भाजी खायचं सोडणार आहेत का?

भाचा: नाही. स्पेनमधून येईल. हिवाळ्यात आताही मुर्सियाकडून लेट्यूस येतोच. २०१७ च्या फेब्रुवारीत तिकडं हवामान बिघडलं तेव्हा इथल्या दुकानांत लेट्यूसची टंचाई झाली होती.

मावशी: मुर्सियाला पाणी भरपूर आहे?

भाचा: तो कोरडा प्रदेश आहे. भूजल आधीच उपसलं गेलंय.

मावशी: मग तुझं रान हिरवं झालं आणि त्यांची विहीर आटली. यात पृथ्वीचं भलं काय झालं? स्वतःच्या हिशेबाच्या वहीतनं एक ओळ खोडून दुसऱ्याच्या वहीत लिहायची, याला मी उपाय म्हणणार नाही.

भाचा: भाजीच्या बाबतीत तुझं म्हणणं मी पूर्ण मानतो. पण या काळ्या मातीत फक्त भाजी असते असं नाही. गहू असतो. साखरेचा बीट असतो. वायू तयार करण्याच्या संयंत्रांना घालायला मका असतो. त्या मक्यापासूनचा वायू पर्यावरणाला चांगला म्हणून विकला जातो, पण पीटवर पिकवला तर त्याच्यामुळं जेवढं उत्सर्जन वाचतं त्याहून जास्त रानातून निघून जातं. गहू, मका, बीट साध्या जमिनीत येतात. सुरुवात तिथून करता येईल.

मावशी: हे पटण्यासारखं आहे. ऊस आम्ही कुठंही लावतो आणि मग पाणी कमी पडलं म्हणून रडतो. कुठल्या मातीत काय लावू नये हे ठरवायची हिंमत आपल्यातही नाही. पण इथला शेतकरी म्हणेल, माझ्या फेरपालटीत दोन वर्षं गहू असतो म्हणूनच तिसऱ्या वर्षी बटाटा निरोगी येतो. गहू काढून घेतलास तर भाजीही गेली.

भाचा: तसं म्हणतातच. आणि ते बरोबर आहे. म्हणून एकेक पीक न बघता अख्खी शेती बघावी लागते. कुठल्या भागात पीट अजून खोल आहे आणि कुठं झिजून नांगराला खालची माती लागते, हे आधी बघायचं. जिथं फूट-दीड फूटच उरलीय तिथं राखायला फारसं शिल्लक नाही. जिथं दोन मीटर आहे तिथं दर वर्षाला किंमत आहे. शिवाय भाजीच्या रानातही दोन पिकांच्या मधे, हिवाळ्यात, पाणी वर ठेवता येतं.

मावशी: चल, त्या बांधावर जाऊ. मला नदी बघायचीय.

ती दोघं गाडीनं थोडं पुढं जातात आणि एका नदीच्या भरावावर चढतात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला तिच्यापेक्षा कितीतरी खाली शेतं. शेतांतलं पाणी चरींतून पंपघराकडे येतं आणि तिथून वर नदीत टाकलं जातं.

मावशी: नदी वर आणि रान खाली. असं मी जन्मात पाहिलं नाही.

भाचा: रान खचत गेलं, नदीचे भराव उंच करत गेले. आधी पवनचक्क्या पाणी उपसायच्या, मग वाफेची इंजिनं आली, मग डिझेल, आता वीज. जमीन जेवढी खचते तेवढं पाणी जास्त उंच चढवावं लागतं, आणि जेवढं जास्त उपसावं तेवढी ती आणखी खचते. १९४७ च्या मार्चमध्ये भराव फुटले आणि हजारो एकर जमीन पाण्याखाली गेली. समुद्राची पातळी चढते आहे हे वेगळंच.

मावशी: हे पंप कोण चालवतं?

भाचा: स्थानिक निचरा मंडळं. भागातले शेतकरी आणि रहिवासी कर देतात, मंडळ पातळी ठरवतं.

मावशी: मग एकट्या शेतकऱ्यानं ठरवून काही उपयोग नाही. आमच्या पाइपांचंही तेच झालं. माझ्या एकटीच्या रानात गाडून चाललं नसतं, शेजाऱ्याचं पाणी माझ्यात उतरलं असतं. इथं उलटं. मी पाणी वर आणलं तर शेजाऱ्याचा बटाटा सडला.

भाचा: हाच सगळ्यात अवघड गाठीचा प्रश्न आहे. म्हणून सरकारनं सखल शेतीच्या पीटसाठी एक कार्यगट नेमला. त्याचे अध्यक्ष रॉबर्ट कॉडवेल हे स्वतः शेतकरी आणि निचरा मंडळांच्या कामातले. २०२३ मध्ये त्यांनी चौदा शिफारशी दिल्या. त्यांचा सूर असा, की आधी पाण्यावर ताबा मिळवा. चरींना झडपा बसवा, पाणी साठवा, मोजा, आणि शेजारी-शेजारी मिळून पातळी ठरवा.

मावशी: साठवायला पाणी कुठंय? इथं पाऊस किती?

भाचा: आपल्या मिरज-सांगलीकडं पडतो जवळपास तेवढाच. वर्षाला साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. इंग्लंडचा हा सगळ्यात कोरडा भाग. हिवाळ्यात पाणी समुद्राला सोडतात आणि उन्हाळ्यात पिकांना कमी पडतं.

मावशी: म्हणजे दलदल परत आणायची, पण उन्हाळ्यात दलदलीला पाणी नाही.

भाचा: हिवाळ्याचं पाणी तळ्यांत धरावं लागेल. त्याला जागा लागेल, पैसा लागेल. ते टाळून पुढं जाताच येणार नाही.

मावशी: आणि ओल्या रानात पिकवायचं काय? तुम्ही सांगाल ते पीक बाजारात विकलं गेलं पाहिजे.

भाचा: जर्मनीत ग्राइफ्सवाल्डचे अभ्यासक बरीच वर्षं ओल्या पीटवरच्या शेतीवर काम करताहेत. इथं ग्रेट फेन नावाचा प्रकल्प २००१ पासून होम फेन आणि वुडवॉल्टन फेन या दोन जुन्या राखीव जागा जोडतोय, साधारण ३,७०० हेक्टरचा. त्याच भागात पाणकणीस, बोरू, स्फॅग्नम शेवाळ यांची लागवड करून पाहताहेत. पाणकणसाच्या कापसासारख्या तुऱ्यापासून थंडीच्या जॅकेटात भरायचं साहित्य होतं. देठांपासून घराच्या भिंतीत घालायचे उष्णता अडवणाऱ्या फळ्या होतात. बोरू तर नॉरफोकमध्ये पूर्वीपासून छपराला वापरतात. स्फॅग्नम रोपवाटिकांना लागतं, तिथं आज खोदून आणलेली पीट वापरतात.

मावशी: पाणकणीस आमच्या चरीत फुकट उगवतं, आम्ही ते उपटून टाकतो. त्याचा भाव काय? गिऱ्हाईक कोण? कापायचं यंत्र ओल्या रानात रुततं की नाही? यातल्या एकाचं तरी उत्तर पक्कं आहे का?

भाचा: रुंद पट्ट्यांची हलकी यंत्रं आहेत. गिऱ्हाईक थोडं आहे, वाढतंय. भाव अजून बटाट्याच्या जवळपासही नाही.

मावशी: मग ते पीक नव्हे, तो प्रयोग. प्रयोग करावा, जरूर करावा. पण ज्याच्यावर कर्ज आहे त्याला प्रयोगावर जग म्हणू नये.

भाचा: म्हणूनच पाणी वर ठेवण्याचाच मोबदला द्यायचा. पीक येईल ते येईल. २०२३ पासून इथल्या पीटलँड कोडमध्ये फेन्ससारख्या सखल पीटचाही समावेश झालाय. किती टन वाचले ते मोजायचं, कंपन्या ते विकत घेतात.

मावशी: कंपनी ते घेऊन करते काय?

भाचा: स्वतःच्या उत्सर्जनातून वजा करून दाखवते.

मावशी: शेतकऱ्यानं रानात पाणी धरायचं आणि कंपनीनं तेवढाच धूर सोडायची मोकळीक घ्यायची. वजाबाकी आणि बेरीज सारखी. मग हवेला मिळालं काय?

भाचा: त्या पैशावर सगळा भार टाकू नये, हे माझंही मत आहे. ही माती इतकी वर्षं स्वस्त भाजी देत आली ती सगळ्यांनी खाल्ली. राखायचा खर्चही सगळ्यांचा, म्हणजे सरकारी तिजोरीचा. बाजाराचा पैसा वरून आला तर येऊ दे.

मावशी: आणि तो पैसा मिळणार कुणाला? इथली सगळी रानं कसणाऱ्याच्या मालकीची आहेत?

भाचा: नाहीत. बरीच खंडानं केलेली आहेत. काही मालक मोठ्या जहागिरी, काही परगण्यांची मंडळं, काही गुंतवणूकदार.

मावशी: इथं माझा पाय अडतो. मालक सही करील, मोबदला घेईल, आणि खंडकऱ्याला सांगेल की उद्यापासून रान ओलं राहणार, तू दुसरीकडं बघ. गाळ काढायला आलेला मजूर, भाजी खुडायला आलेल्या बाया, पॅकिंगच्या शेडवर उभे असतात ते, त्यांचं नाव तर कुठल्याच कागदावर नसेल.

भाचा: मावशी, हे इथं एकदा घडलंय, उलट्या दिशेनं. १६३० मध्ये बेडफर्डच्या अर्लनं आणि त्याच्याबरोबरच्या तेरा भांडवलदारांनी दलदल कोरडी करायचा करार केला. मोबदल्यात ९५,००० एकर जमीन ठरली. कॉर्नेलियस व्हर्म्युइडन नावाचा डच अभियंता त्यांनी आणला. त्यानं नदीचं पाणी सरळ समुद्राकडं नेणारे कालवे खणले, ते आजही वाहतात. दलदलीत राहणारे लोक मासे, बाम, पाणपक्षी, बोरू, उन्हाळी कुरण यांवर जगत होते. त्यांची सामाईक जमीन गेली. त्यांनी भराव फोडले, कालव्यांची कामं मोडली. त्यांना फेनचे वाघ म्हणायचे. निचऱ्यानं देशाला पीक मिळालं, त्यांना काही मिळालं नाही.

मावशी: मग तर तुम्हाला शहाणं व्हायला चारशे वर्षं मिळाली. तेव्हा पैसेवाल्यांनी पाणी काढलं आणि गरिबाचं जगणं गेलं. आता पैसेवाल्यांनी पाणी आणलं आणि पुन्हा गरिबाचं गेलं, तर तो हवामानाचा उपाय असला तरी न्याय होणार नाही. आणि ज्यांना न्याय मिळत नाही ते झडपा उघडतात. भराव फोडतात. तुझी पातळी एका रात्रीत खाली जाईल.

भाचा: तू इथल्या मंडळावर असतीस तर काय अटी घातल्या असत्यास?

मावशी: तीन. पहिली, पातळी ठरवायच्या बैठकीत खंडकऱ्याला मत हवं, आणि मोबदल्यात त्याचा वाटा कायद्यानं लिहिलेला हवा. दुसरी, पैसा पाणी वर असेल तितकी वर्षं हवा. पाच वर्षांची योजना नको. पाच वर्षांत सरकार बदलतं, रान बदलत नाही. तिसरी, भाजीचं रान सगळ्यात शेवटी. आधी मका, गहू, बीट, आणि जिथं पीट खोल आहे तिथं.

भाचा: पहिल्या दोन मला पूर्ण मान्य. तिसरीला अर्धी मान्यता. भाजीचं रान शेवटी म्हणजे कधी? वर्षाला एक-दोन सेंटिमीटर जातेय. वीस वर्षं थांबलो तर वीत-दोन वीत आणखी गेली, आणि जिला आपण भाजीसाठी वाचवलं ती मातीच भाजीच्या हाती उरली नाही. खालची माती वर आली की सेलरीही येत नाही आणि लेट्यूसही. ही शेती पाणी वर आणल्यामुळं संपेल असं लोक समजतात. पाणी खाली ठेवलं तरी ती संपणारच आहे. कुठल्या वाटेनं, आणि शेवटी हातात काय उरतं, एवढंच आपल्याला ठरवता येतं.

मावशी: हे तू आधी सांगायला हवं होतंस. उत्सर्जन, टन, टक्के हे शेतकऱ्याला नंतर सांग. तुझ्या नातवाला हे रान मिळणार नाही, हे आधी सांग.

भाचा: आणि एक वेळ जवळ आलीय. इथली अनेक पंपघरं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातली आहेत. ती बदलायला लागणार आहेत. नवा पंप कुठल्या पातळीसाठी बसवायचा, हे ठरलं की पुढची चाळीस-पन्नास वर्षं तीच पातळी राहणार. कुणी काही ठरवलं नाही तर जुनीच पातळी धरून, आणखी जोरकस पंप बसतील. म्हणजे न ठरवणं हाही निर्णयच होईल.

मावशी: मग भांडण तिथं मांडा. पंपाचा नकाशा निघायच्या आधी सगळ्या रानवाल्यांना, खंडकऱ्यांना, मजुरांच्या माणसांना एकत्र बसवा. प्रत्येक रानातली पीट किती खोल उरलीय ती काठी घालून त्यांच्यादेखत मोजा, आणि हे रान किती वर्षांचा सोबती आहे ते त्यांना सांगा. भाजीच्या रानात हिवाळ्यात पाणी वर, हंगामात जेवढं पीक सोसेल तेवढं. मक्याच्या रानात बारमाही. आणि मोबदल्याचा करार त्या पंपाच्या आयुष्याइतका लांब. एवढं केलं तर तिसऱ्या अटीत मी तुझ्याबरोबर अर्धी वाट येईन. त्यातलं काही न करता नुसतं पाणी सोडलंत, तर मी शेतकऱ्यांच्या बाजूनं उभी राहीन, आणि तुझे सगळे आकडे बरोबर असले तरी उभी राहीन.

भाचा: तेवढं करायला मी मंडळाला भाग पाडू शकत नाही.

मावशी: मोजमाप तुझ्या हातात आहे ना? मग ते फक्त अहवालात पाठवू नकोस. पुढच्या बैठकीला खंडकऱ्यांच्या ओळीत बसून त्यांच्या भाषेत वाचून दाखव. पातळी कागदावर ठरते, पण झडप फिरवणारा हात त्यांचा आहे.